किती वर्षं लिहू?

१

माणसाला किती जगायचं आहे हे त्याच्या बायकोला माहीत नसतं, डॉक्टरला तर नसतंच. कवळी करणाऱ्याला मात्र माहीत असतं.

कारागिराची कामाची खोली डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. पुढे दातांची खुर्ची, फुलांचं कॅलेंडर आणि थंड हवा. मागे प्लास्टरची धूळ, मेणाचा वास, पाणी उकळायचा कुकर आणि घासायचं यंत्र. डॉक्टरीणबाई तोंडाचं माप घ्यायच्या आणि ते ओलं, लाळेनं माखलेलं माप एका वाटीत मागे यायचं. त्यात प्लास्टर ओतून कारागीर हिरड्यांचा साचा काढायचा, आणि त्या साच्यावर कवळी उभी करायचा. तीस वर्षं तो हेच करत होता. दुसऱ्याची लाळ हाताला लागली तर त्याला काही म्हणजे काही वाटत नसे. किळस आपण पहिल्याच आठवड्यात ओकून टाकली, असं तो अभिमानानं सांगायचा.

ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्या उस्तादांनी त्याला एक रीत लावून दिली होती. साचा ओला असतानाच पुढे जायचं आणि खुर्चीतल्या माणसाला विचारायचं, "किती वर्षं लिहू?" कवळी किती वर्षं घालणार, एवढाच त्याचा अर्थ. दोन-तीन म्हणाला तर हलके दात. दहा म्हणाला तर कडक दात आणि जाड बूड. उत्तर मिळालं की साच्याच्या बुडाला खिळ्यानं आकडा कोरायचा. नावाची चिठ्ठी बाजूला, आकडा बुडाला. "लोक खरं वय डॉक्टरला सांगतात आणि खरी आशा आपल्याला," असं उस्ताद म्हणायचे.

आणि लोक सांगायचेही. एक निवृत्त शिक्षक साडेसहा म्हणाले होते. साडे कशाला, तर तोवर नातवाचं कॉलेज संपेल म्हणून. एक बाई म्हणाल्या, "ह्यांच्यापेक्षा एक जास्त." ह्यांना आत बोलावून विचारलं, तर ते दबक्या आवाजात म्हणाले, "तिच्यापेक्षा एक कमी. पण तिला सांगू नका." बहुतेक जण आधी ऐटीत दोन म्हणत, दारापर्यंत जात, आणि परत येऊन म्हणत, पाच करा. कारागिराला ह्या सगळ्याची मोठी गंमत वाटायची. पाच लिहिलेले सहा महिन्यांत गेले आणि दोन लिहिलेले बारा वर्षं बाजारात भाजी निवडत राहिले, हे त्यानं पाहिलं होतं. आकड्यानं काही होत नसतं. बुटाच्या नंबरावरून माणूस किती चालेल हे थोडंच ठरतं?

२

त्याच्या घरी तो आणि आई, दोघंच. लग्न राहून गेलं होतं. का राहिलं, ते सांगत बसण्यासारखं नाही. आईला एक्याऐंशी सरलं होतं. तिची जुनी कवळी इतकी सैल झाली होती की हसली की वरचे दात खाली यायचे. कवळी करणाऱ्याच्याच आईनं वर्षभर बटाटे कुस्करून खावेत, याची त्याला लाज वाटायची. पण नवीन करू म्हटलं की ती कानावर हात ठेवायची.

"राहिलेत किती दिवस माझे? माझ्याबरोबर तीही फुकट जाईल."

शेवटी एका रविवारी त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून तिचं माप घेतलं. साचा काढला आणि कामावरच्या आवाजात विचारलं, "बोला आजी, किती वर्षं लिहू?"

"दोन," आई म्हणाली.

"आई, काहीतरीच!"

"दोन तुझ्यासाठी रे. मला विचारशील तर एक पुरे." मग त्याचा चेहरा बघून ती हसली, आणि हात पुसत म्हणाली, "अरे, मी कंटाळलेली नाही. दुखतंयखुपतंय तेही चालायचंच. पण जेवताना पोट भरलं की आपण म्हणतो ना पुरे, तसं झालंय. माझ्या बरोबरीचं कोणी उरलं नाही. तू आहेस, पण तूही आता म्हातारा व्हायला लागलास."

कारागिराला राग आला. खरं तर तो राग नव्हता. ही गेली की सकाळी चहाचा एकच कप धुवावा लागेल, हे त्याला दिसलं. त्यानं साचा उलटा केला, खिळा घेतला आणि ओल्या बुडावर कोरलं: वीस.

"लिहिलेस दोन?" आईनं विचारलं.

"लिहिले," तो म्हणाला.

३

त्यानंतर वर्षभरानं एक बाई दवाखान्यात आली. वय सहासष्ट, केस विरळ, हातात झाकणाचा डबा. डॉक्टरीणबाईंना भेटायचंच नव्हतं तिला. ती थेट मागे आली.

"सासऱ्यांची कवळी आहे. इथलीच आहे, फार जुनी. जरा घासून द्या, भाऊ."

"सैल झाली असेल, वहिनी. तिला घासून काय उपयोग? आतून भरून देतो."

"सैल नाही हो. घट्ट झालीय."

कारागिराला वाटलं, बाईंची बोलण्यात चूक झाली. दात गेले की हिरड्या झिजत जातात. वर्षागणिक जबडा आत जातो, आणि कवळी खुळखुळ्यासारखी वाजायला लागते. तीस वर्षांत हजारो म्हातारे सैल झाली म्हणून आले होते. घट्ट झाली म्हणून एकही नाही. घट्ट व्हायला हिरड्या वाढाव्या लागतात.

त्यानं डबा उघडला. ओल्या फडक्यात गुंडाळलेली कवळी उस्तादांच्याच हातची होती. सुळे किंचित आत वळवायची त्यांची खोड त्याला लगेच ओळखू आली. दात झिजून सपाट झाले होते. पण हिरडीचा गुलाबी भाग ताजा दिसत होता. त्यानं ती उचलली आणि पटकन खाली ठेवली. ती कोमट होती. बाई वीस मिनिटं चालत आली होती, बाहेर गार वारा होता, तरीही कवळी माणसाच्या तोंडातून आत्ताच निघाल्यासारखी कोमट.

आतल्या बाजूला दुधावरच्या सायीसारखा एक थर होता. नळाखाली धरून बोटानं तो काढायला गेला तर थर ताणला गेला, तुटला नाही. वासही आला, शिजवून दिवसभर झाकून ठेवलेल्या मांसाचा, गोडूस. यंत्र सुरू करून तो आतून घासू लागला. नेहमी कोरडी गुलाबी भुकटी उडते. ही उडेना. ओलसर होऊन चाकाला आणि त्याच्या बोटांना चिकटू लागली. कारागिरानं यंत्र बंद केलं, मोरीशी गेला, आणि तीस वर्षांनी पुन्हा ओकला.

तोंड पुसून तो परत आला तेव्हा बाई तशीच उभी होती. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"वय काय सासऱ्यांचं?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं.

"एकशे दहा."

"अरे वा! भाग्यवान."

"कोण?" बाईनं विचारलं आणि डबा उचलला.

आठ दिवसांनी ती परत आली. कवळी पुन्हा घट्ट झाली होती.

४

आईच्या नव्या कवळीचं सुरुवातीला कौतुकच झालं होतं. पहिल्याच दिवशी तिनं सफरचंद कापून न घेता सबंध खाल्लं, आणि तो करकर आवाज ऐकून कारागिराच्या डोळ्यांत पाणी आलं. ती दाणे खाऊ लागली, टोस्ट खाऊ लागली. शेजारणीला म्हणाली, "लेकानं नवं तोंड बसवून दिलंय." मग ती दोनऐवजी तीन वेळा जेवू लागली. मग चार.

पण अंगाला काही लागेना. मनगटं काडीसारखी झाली, गळ्याशी खड्डे पडले, अंगातले कपडे लोंबू लागले. भरलं ते फक्त तोंड. ओठांच्या सुरकुत्या गेल्या. गालांचा खालचा भाग वर आला, गुबगुबीत, तुकतुकीत. कपाळ आणि डोळे एक्याऐंशीचे आणि नाकाखाली पंचविशीतली कोणीतरी बाई. कारागीर जेवताना ताटाकडेच बघू लागला. आईकडे बघून आपल्याला शिसारी येते, हे त्याला स्वतःशी कबूल करायला फार दिवस लागले.

मग आवाज सुरू झाला. दुपारी तो जेवायला घरी यायचा तेव्हा आई खोलीत पडलेली असायची, आणि तिकडून चघळल्याचा आवाज यायचा. ओला, संथ, न थांबणारा. तो आत जाऊन विचारायचा, "काय खातेस?" ती म्हणायची, "काही नाही रे." आणि खरंच तिच्या तोंडात काही नसायचं.

कवळी ठेवायची वाटी मोरीच्या फळीवर होती. एक दिवस त्यानं बघितलं तर वाटी कोरडी ठणठणीत. तळाशी धूळ.

"आई, कवळी काढून ठेवत नाहीस का?"

"नाही काढत. चांगली बसलीय आता."

"काढ बघू. मी घासून देतो."

आई दुसरीकडे बघत म्हणाली, "घट्ट झालीय रे."

वाटी हातात घेऊन तो तिथेच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तो तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी दिवा वळवला, आरसा घातला. "हिरड्या सुजल्यात, दादा. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांनी होतं कधी कधी. गोळी बदलू." त्याला हायसं वाटलं. गोळी! एवढी साधी गोष्ट होती आणि आपण काय काय मनात आणत होतो. मग बाईंनी कवळीच्या कडेखाली बोट घालून ती हलकेच उचलायला बघितली. आई ओरडली. कवळीच्या कडेनं रक्त आलं. नीट पाहिलं तर हिरडीतून नाही, कवळीच्या गुलाबी ऍक्रिलिकमधून येत होतं, बारीक थेंबांनी, घामासारखं.

"चिघळलंय थोडं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या हात धुवायला आत गेल्या आणि नळ पुष्कळ वेळ चालू राहिला. बाहेर आल्यावर त्यांनी गोळ्यांचं नाव लिहून दिलं, पण आईच्या तोंडाकडे पुन्हा बघितलं नाही.

५

त्याच आठवड्यात ती बाई तिसऱ्यांदा आली. ह्या वेळी हातात डबा नव्हता.

"आता निघतच नाही, भाऊ. तुम्ही घरी येऊन बघा."

नाही म्हणायला त्याच्या जिभेवर आलं होतं. पण त्याला ते तोंड बघायचं होतं, कारण आपल्या घरी पुढे काय होणार आहे ते कळायला दुसरी जागा नव्हती. माळ्यावरच्या खोक्यांतून त्यानं उस्तादांचे जुने साचे उपसले. त्या म्हाताऱ्याचा साचा तळाशी सापडला, पिवळा पडलेला. जबड्याचा आकार ताडून बघता येईल म्हणून पिशवीत टाकताना त्यानं तो उलटा केला. बुडाला उस्तादांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: साठ.

घर साधं होतं. दुसरा मजला, दोन खोल्या, पुसलेली फरशी, दोरीवर वाळत घातलेली पुष्कळ फडकी. दुपारचं ऊन आत आलं होतं. बाईनं खिडकी आणखी उघडली.

"वास येतोय का हो? मला आता कळत नाही."

येत होता. कारागिरानं रुमाल नाकाला लावला.

"माळ्यावर साचा सापडला," तो म्हणाला. "साठ लिहिलंय बुडाला. बहात्तराव्या वर्षी साठ म्हणाले सासरे तुमचे?"

"सासरे पाच म्हणाले होते. मी तिथेच उभी होते. अठ्ठावीस वर्षांची होते मी तेव्हा. आमच्या ह्यांनी उस्तादांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, साठ लिहा. वडलांवर फार जीव होता ह्यांचा." ती फडक्याची घडी घालत राहिली. "हे जाऊन चौदा वर्षं झाली. वडील आहेत."

"वहिनी, प्लास्टरवरच्या आकड्यानं काय होतंय? योगायोग असतो. काही प्रकृतीच तशा असतात."

"हो. आम्हीही तेच म्हणायचो. पण साठ हा त्यांनी सांगितलेला आकडा नव्हता."

आतल्या खोलीत पलंगावर चादर अंथरलेली होती, निदान त्याला आधी तसंच वाटलं. चादर जवळजवळ सपाट होती. तिच्याखाली छाती, पोट, पाय असं काही असेल तर ते दोरीसारखं बारीक असणार. उशीवर डोकं होतं. डोळ्यांच्या पापण्या वाळून चिकटलेल्या, कान कागदासारखे, नाक आत बसलेलं. आणि त्याखाली तोंड. लालबुंद, ओलं, मोठं, भरल्या अंगाच्या तरण्या माणसाचं. ते चघळत होतं.

"बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली," बाई म्हणाली. "शेवटचं 'पुरे' म्हणाले. घास तेव्हाही चालूच होता."

तिनं टेबलावरचा चमचा उचलला. वाटीला लागून किण् असा आवाज झाला, आणि ते तोंड उघडलं.

कारागिरानं वाकून आत बघितलं. हिरड्या दोन्ही बाजूंनी कवळीवर चढल्या होत्या. कवळी कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो, ते हेच काम तीस वर्षं केलेल्या माणसालाही सांगता येईना. गुलाबी ऍक्रिलिकमध्ये लाल धाग्याचे बारीक तुकडे घालतात, खऱ्या हिरडीतल्या शिरांसारखे दिसावेत म्हणून. उस्ताद ते फार झोकात घालायचे. ते धागे आता त्याच्या डोळ्यांसमोर उडत होते. ठक, ठक, ठक. चादरीखाली छाती हलत नव्हती, गळ्याची शीर हलत नव्हती. फक्त ते धागे.

तो मागे सरकला आणि भिंतीवर आदळला. बाईनं शांतपणे चमचा तोंडात रिकामा केला, ओघळ पुसला आणि फडकं बादलीत टाकलं.

"अजून बावीस," ती म्हणाली. "मी अठ्ठ्याऐंशीची होईन."

मग तिनं त्याच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "तो साचा मी ठेवून घेऊ?"

कारागिरानं साचा तिच्या हातात दिला. तिनं त्या वेळी घराचं दार मागितलं असतं तरी त्यानं काढून दिलं असतं, इतकी त्याला तिथून निघायची घाई झाली होती.

६

चौथ्या दिवशी ती दवाखान्यात आली. केस धुतलेले, चेहरा सुजलेला, पण तो झोपेनं. मागच्या खोलीतल्या स्टुलावर बसून तिनं आधी पाणी मागितलं आणि ग्लासभर पाणी सावकाश प्यायली.

"साठ खरवडून काढले," ती म्हणाली. "प्लास्टर भिजवलं आणि अडतीस कोरले. आजवर झाले तेवढे. हात धुऊन येते तर तोंड थांबलेलं. कवळी उशीवर पडली होती, आपली आपण निघून. गार."

कारागिरानं हातातला साचा खाली ठेवला.

"सोपं आहे हो. आमच्या ह्यांना मात्र शेवटपर्यंत नाही जमलं. किती वेळा म्हटलं, जा आणि पुसून या. दवाखान्याच्या दारापर्यंत यायचे आणि परत फिरायचे." तिनं ग्लास उपडा ठेवला. "मी सून, म्हणून जमलं."

ती गेल्यावर त्यानं तो ग्लास तीनदा धुतला. त्याला तिची किळस आली होती. एक माणूस संपवून ही बाई नीट झोपते, भांग पाडते, पाणी पिते! आणि त्या किळशीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती त्याला जास्त घाण वाटली. त्याला तिचा हेवा वाटत होता.

७

त्या दिवशी तो लवकर घरी गेला. आईचा साचा कपाटातून काढून पाठीमागे लपवला, पण आई बिछान्यावर उठून बसलेली होती आणि तिची नजर अजून चांगली होती.

"काय आहे ते? माझा साचा ना? आण इकडे."

तिनं साचा हातात घेतला. आपल्याच हिरड्यांवरून अंगठा फिरवला, मग तो उलटा केला. बुडावरचा आकडा तिनं वाचला. तोंड चघळतच होतं.

"मी दोन म्हटलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग वरचे अठरा कोणासाठी घेतलेस?"

कारागिराला खोटं बोलता आलं असतं. "माझ्यासाठी," तो म्हणाला, आणि बावन्न वर्षांचा तो माणूस पलंगाच्या पायथ्याशी बसून लहान मुलासारखा रडला. आईच्याही डोळ्यांतून पाणी आलं. ते गालावरून ओघळून ओठांशी पोचलं, आणि जीभ बाहेर आली, चांगली रुंद, लाल जीभ, आणि तिनं ते चाटून घेतलं. मिटक्या मारत.

आईनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बोटांच्या आडून ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात शिसारी होती.

"बघ ना. मी रडतेय आणि हे खातंय. हे तोंड माझं नाही रे. भूक मला नाही, त्याला आहे. मला वाटतं मी आत कुठेतरी बसलेय, आणि हे माझ्यावर जेवतंय."

त्यानं तिला त्या बाईची गोष्ट सांगितली. लपवलं काहीच नाही. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि डोळे पुसले.

"सोपंच आहे की मग," ती म्हणाली. "बस इथे. खरवड ते."

त्यानं सुरी आणली. प्लास्टरची पांढरी भुकटी चादरीवर पडत राहिली. आधी एकक गेला, मग दशक, आणि बूड गुळगुळीत झालं. स्वयंपाकघरातून पाण्याचं भांडं आणून त्यानं साचा त्यात बुडवला, बाहेर काढला, आणि खिळा हातात घेतला.

"एक लिही," आई म्हणाली. "एक झालंच आहे. मी दोन म्हणाले होते, पण एकच पुरे, तेव्हाही तुला सांगितलं होतं."

मग ती भिंतीला टेकून बसली. केस नीट केले, हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले. केस कापायला बसलेल्या माणसासारखी ती वाट बघत होती. तिच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. कित्येक महिन्यांत त्यानं तिचा चेहरा असा बघितला नव्हता, अर्धाच का होईना, पण तिचा.

त्यानं खिळ्याचं टोक प्लास्टरवर ठेवलं. एक आकडा. साधी छोटीशी रेघ आणि वर गाठ. आयुष्यभर त्यानं हजारो म्हाताऱ्यांचे आकडे कोरले होते, गप्पा मारत, हसत, चहा पीत. खिळा जागचा हलेना. त्यानं डावा हात उजव्यावर ठेवून जोर लावून पाहिला. त्याला चहाचा एक कप दिसला. त्याला तिची बंद खोली दिसली.

"झालं?" आईनं डोळे न उघडता विचारलं.

"प्लास्टर नीट भिजलं नाही," तो म्हणाला. "वाळलेलं आहे ना, फुटेल. उद्या लिहितो."

आई तीस वर्षं प्लास्टरवाल्याच्या घरात राहत होती. प्लास्टर भिजायला किती वेळ लागतो, ते तिला त्याच्याइतकंच माहीत होतं. तिनं डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती फक्त "बरं" म्हणाली, आणि तेवढ्यात तोंड उघडलं. तो उठून बटाटे उकडायला लावायला गेला.

दुसऱ्या दिवशीही प्लास्टर भिजलं नव्हतं.

ह्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तो रोज सकाळी साचा पाण्यात टाकतो आणि संध्याकाळी काढून खिडकीत वाळत ठेवतो. कडा विरघळून गोल झाल्या आहेत. बूड कोरं आहे. वीस लिहिलेले होते तेव्हा निदान वीस होते, हे त्याच्या लक्षात यायला काही महिने लागले होते. ज्या दिवशी लक्षात आलं, त्या दिवशी तो कामावर गेला नाही. पुन्हा वीस तरी लिहावेत म्हणून त्यानं खिळा उचलला होता, पण तोही एक शेवट होता.

"आज नाही भिजलं, आई. उद्या," असं तो रोज तिला सांगतो. ती ऐकते की नाही, ते आता कळत नाही. चादर दिवसेंदिवस सपाट होत चालली आहे. तो रुमाल नाकाला बांधतो, चमचा वाटीला लावतो, आणि तोंड उघडलं की भरवायला लागतो.